वीसपैकी वीस

मी एकदा शेवटच्या आलेल्या बँडला पहिला कप देऊन टाकला. भरल्या मैदानात, प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते. आणि तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या मीच वाजवत होते.

हे मी नातीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आजी, हाऊ इज दॅट ईव्हन पॉसिबल?" ते कसं शक्य आहे हे सांगायलाच संपादकांनी मला दिवाळी अंकातली ही पानं दिली आहेत, अशी मी माझी समजूत करून घेतली आहे. त्यांनी खरं तर 'आखातातल्या नोकरीचे अनुभव' मागितले होते. बाई बँकेत नाहीतर शाळेत असतील असं त्यांना वाटलं असणार. मी बॅगपाइप बँडांच्या स्पर्धा भरवायचे म्हटल्यावर त्यांनी मला ते फोनवर दोनदा म्हणायला लावलं.

आम्ही तेव्हा शारजात, अल नहदाला राहत होतो. आमचे हे जबल अलीत एका वेअरहाऊसचे मॅनेजर. मुलं शिकायला बाहेर गेली आणि मी दुबईतल्या एका इव्हेंट कंपनीत को-ऑर्डिनेटर म्हणून लागले. वय सत्तेचाळीस, केसांना मेंदी, गळ्यात कंपनीचं कार्ड, आणि आपल्याला सगळं कळतं असा ठाम समज. त्या बाईची आता मला फार मजा वाटते. भेटली तर दोन गोष्टी सुनावीन म्हणते, पण ती ऐकणारी नव्हती.

आमची कंपनी गाड्यांचे लाँच करायची, लग्नं करायची, आणि वर्षातून एकदा, फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी, पाइप बँडांची चँपियनशिप भरवायची. दुबईत बॅगपाइप कोण वाजवतं? पुष्कळ जण. स्कॉटिश आणि आयरिश लोक जातील तिथे तो घेऊन जातात. त्यांच्या शाळांचे बँड, क्लबांचे बँड. आणि पलटणीच्या बँडात शिकलेले आपले फौजी. त्यांच्याकडे मी येतेच.

आधी वाद्य समजून घ्या. काखेत एक पिशवी, तोंडात एक नळी, बोटांखाली भोकांची एक, आणि खांद्यावर तीन. खांद्यावरच्या तिन्ही नळ्या एकच सूर धरून बसतात, आपल्या तंबोऱ्यासारखा. वाजवणारा श्वास घ्यायला थांबला तरी पिशवीतली हवा सूर तुटू देत नाही. एकट्याने वाईट वाजवला तर गोठ्यात काहीतरी झालंय असं वाटतं. पण दहा-बारा जणांनी एका सुरात लावला, तर चालता माणूस जागेवर थांबतो. खरी परीक्षा सुरुवातीला आणि शेवटी. ढोलाचे दोन ठोके पडले की सगळ्यांनी एकाच क्षणी पिशवी दाबायची, आणि थांबायचं तेही एकाच क्षणी. एखाद्याची नळी नंतर जराशी जरी केकाटली, की परीक्षकाची पेन्सिल हललीच.

परीक्षक चार. दोन फक्त पाइप ऐकतात, एक ढोल, आणि चौथा सगळ्यांचा मिळून कसा परिणाम होतो ते. कोणत्या बँडने कधी वाजवायचं, ते आदल्या संध्याकाळी चिठ्ठ्या काढून ठरतं. चिठ्ठ्यांसाठी मी घरून पोह्यांचा स्टीलचा डबा न्यायचे. मैदानावर बँड मार्च करत येतो, वर्तुळ करतो, वाजवतो, आणि परीक्षक भोवती फिरत कागदावर शेरे लिहितात. मग प्रत्येक परीक्षक आपापल्या कागदावर सगळ्या बँडांना क्रमांक देतो, पहिला, दुसरा, तिसरा. चारही क्रमांकांची बेरीज करायची. ज्याची बेरीज सगळ्यांत कमी, तो जिंकला.

हे मला आमच्या स्पर्धेच्या प्रमुखांनी समजावलं होतं. उंच, लालबुंद, निवृत्त स्कॉटिश गृहस्थ. सगळे त्यांना नुसतं मेजर म्हणायचे. मी प्रत्येक वाक्याला "येस मेजर, येस मेजर" केलं. 'सगळ्यांत कमी' हे दोन शब्द ते बोलले तेव्हा मी बहुधा सँडविचचे ट्रे मोजत होते.

तर २००८ चा फेब्रुवारी. आमच्या खालच्या गटात पाच बँड होते. मी तंबूत बसून बेरजा करत होते. चार कागदांवर एका बँडसमोर पाच, पाच, पाच, पाच. वीस! चार परीक्षक, प्रत्येकी पाच, म्हणजे वीसपैकी वीस. दुसऱ्या एका शाळेच्या बँडला एक, एक, दोन, एक. मला त्या पोरांची दया आली. इतक्या लांबून आले आणि वीसपैकी पाच!

मी फेरतपासणी का केली नाही, त्याचं खरं कारण सांगते. तो वीसवाला बँड आपल्या माणसांचा होता. जबल अलीच्या एका बांधकाम कंपनीच्या सिक्युरिटी गार्डांचा. सगळे फौजेतून निवृत्त झालेले, बहुतेक सातारा-सांगलीकडचे. कंपनीच्या मालकाला हौस. टॉवरचं उद्घाटन असलं की फेटे बांधलेला बँड दारात उभा. सकाळी मैदानावर त्यांच्या हवालदाराने, विठोबा शेळक्यांनी, मला विचारलं होतं, "मॅडम, तुमी आपल्याकडच्या का?" एवढंच. पण इंग्रजीने भरलेल्या त्या मैदानात मराठी कानावर पडलं आणि मी त्यांच्या बाजूची होऊन गेले. मग वीसपैकी वीस बघून मला कशाला शंका येईल? मी निकालाचं पाकीट बंद केलं.

गंमत म्हणजे परीक्षकही बोलले नाहीत. एकाने दुसऱ्याचा कागद बघायचा नसतो. त्यामुळे निकाल ऐकून प्रत्येकाला वाटलं, मला एकट्यालाच कळलं नाही, बाकीच्या तिघांना हा बँड आवडला दिसतोय. शेळके हवालदार पुढे आले, कडक सलाम ठोकला, कप घेतला. त्यांचे बारा पाइपर आणि ढोलवाले तसेच ताठ उभे, पण डोळे पुसता येत नव्हते म्हणून गालांवरून ओघळ चाललेले.

मेजरना तासाभराने कळलं. ते ओरडले नाहीत. कागद माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "कप परत आणायला तुम्ही स्वतः जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे हे मला गाडीने घेऊन निघाले. वाटेत म्हणाले, "अगं, पण तुला कुठल्या शाळेत कमी मार्कवाला पहिला येताना दिसला होता? तुझी चूक नाही." मी म्हटलं, "तुम्ही गाडी चालवा."

कंपनीच्या लेबर कँपमधल्या मेसमध्ये कप गणपतीच्या तसबिरीशेजारी ठेवला होता. त्याला हळदकुंकू लावलेलं. समोर पेढे. गावाला फोन झालेले. कुणाच्या तरी बायकोने शेजारपाजारी साखर वाटल्याचं आल्या आल्याच ऐकलं. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, कारण बसले असते तर सांगता आलं नसतं.

शेळके उठले. खिशातून रुमाल काढला, कपावरचं कुंकू पुसलं, कप वर्तमानपत्रात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला.

"आमी कितवे आलो, मॅडम?"

"पाचवे."

"कितीत?"

"पाचात."

मागून एक जण फस्सकन हसला. महादेव कांबळे, ढेबेवाडीकडचा, बँडातला सगळ्यात तयार पाइपर. मग सगळेच हसले. मला वाटलं, आता मी रडले तर चालेल. तेवढ्यात शेळक्यांनी विचारलं, "त्ये सायबांनी लिवलेलं कागूद कुठं हाईत?"

परीक्षकांच्या शेऱ्यांच्या प्रती बँडला द्यायच्याच असतात. मी आणल्या होत्या. सगळं इंग्रजी. मी तिथेच बाकावर बसले आणि चारही कागद मराठीत वाचून दाखवले. सुरुवात एकत्र नाही. वेग सैन्याच्या संचलनाचा, धुनेचा नाही. खांद्यावरचे सूर जागेवर राहत नाहीत. शेवट विस्कटलेला. चौथ्या परीक्षकाने तर कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या होत्या. शेळके एका वहीत उतरवून घेत होते, मध्येच थांबवून विचारत होते, "विस्कटलेला म्हंजे नेमकं काय म्हनत्यात?"

निघताना ते म्हणाले, "म्होरल्या साली ह्यो कप आमी घेऊ. बरोबर बेरजेनं."

त्यानंतर मी अधूनमधून शुक्रवारी ह्यांच्यासोबत तिकडे जायला लागले. प्रायश्चित्त म्हणा, नाहीतर महादेवच्या हातची आमटी म्हणा. वेअरहाऊसच्या मागच्या मोकळ्या जागेत ते सराव करायचे. कंटेनरचे ट्रक जायचे, धूळ उडायची. इंग्रज बँड एसीत बसून सूर लावायचे आणि उन्हात आले की पाच मिनिटांत सूर वर चढायचे, कारण नळीत बसवलेली बोरूची पातळ पात वाळते. शेळक्यांनी शोध लावला की आपल्याकडे एसी नाही हाच आपला फायदा. ते पहिल्यापासून उन्हातच सूर लावायचे, ओलं फडकं गळ्याला गुंडाळून. सुरुवातीचा एकत्र दाब यावा म्हणून त्यांनी सगळ्यांना डोळे मिटून वाजवायला लावलं. मला सुरातलं काही कळत नव्हतं. पण दिवाळीच्या सुमाराला एका शुक्रवारी शेवट असा काही एकदम कापला गेला की मागचा ट्रकवाला पठाण खिडकीतून ओरडला, "वल्ला! फिर से!"

तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं, पण कात्री दुसरीकडेच लागली होती.

२००८ च्या शेवटी मंदी आली तेव्हा दुबईत काय झालं ते तुम्ही वाचलं असेल. मला आठवतं ते एवढंच, की क्रेन थांबल्या. मध्येच, हुक लोंबकळत. आमच्या ऑफिसात दर आठवड्याला एक टेबल रिकामं व्हायचं आणि त्या टेबलावरचं कुंडीतलं झाड मी माझ्याकडे आणायचे. जानेवारीपर्यंत माझ्या टेबलाचं जंगल झालं होतं. शेळक्यांच्या कंपनीत आधी मजूर गेले, मग सुतार, मग इंजिनियर. गार्ड शेवटी, कारण बंद पडलेल्या इमारतीलाही राखणदार लागतो. पण उद्घाटनंच नाहीत तर बँड कशाला? मेसच्या बोर्डावर दर गुरुवारी नावांची यादी लागायची. व्हिसा कॅन्सल, तिकीट, खलास. बाराचे नऊ पाइपर झाले, नवाचे सात, आणि फेब्रुवारी उजाडला तेव्हा सहा उरले.

आमच्या नियमात कमीत कमी सहा पाइपर लागतात. पाचांना वाजवता येतं, पण मग क्रमांक मिळत नाही; परीक्षक फक्त शेरे लिहितात.

आणि नियमांची आता मी राणी होते. कपाच्या प्रकरणानंतर मेजरनी मला नोकरीवर ठेवलं, पण नियमपुस्तिका पुन्हा टाइप करायला लावली, स्वल्पविरामासकट. मी ती पाठ केली. टेबलावर पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं, 'कमी म्हणजे वर'. कुणी पाच मिनिटं उशिरा फॉर्म आणला तरी मी परत पाठवायचे. एकदा चुकलेल्या माणसाला नियमाचा जो कैफ चढतो तो दारूनेही चढत नसेल.

स्पर्धा रद्द होणार होती, मेजरनी हट्टाने घेतली. बँड चारच. गुरुवारी संध्याकाळी पोह्यांच्या डब्यातून चिठ्ठ्या निघाल्या. शेळक्यांची चिठ्ठी चौथी. वेळ दुपारी अडीच, जुम्म्याच्या नमाजाच्या सुट्टीनंतर.

बाकीचे गेल्यावर शेळके माझ्या टेबलाशी आले. टोपी हातात.

"मॅडम, एक इनंती हाय. आमाला पैल्यांदा वाजवू द्या."

"का हो?"

"महादेवचं तिकीट उद्याचंच हाय. कंपनीची बस एक वाजता त्याला घ्यायला मैदानावर येनार. धा वाजता वाजवलं तर सा जन हाईत आमी. अडीचला पाच."

"तिकीट पुढे ढकलता येणार नाही?"

"तीस जनांचं एकत्र तिकीट हाय. मी हापिसात दोनदा जाऊन आलो."

आता ऐका, ती शहाणी बाई काय म्हणाली. तिने ड्रॉवरमधून पुस्तिका काढली. पान उघडलं. आणि म्हणाली, "हवालदारसाहेब, चिठ्ठीत निघालेला क्रम अंतिम असतो. मी एकासाठी बदलला तर उद्या सगळे येतील. नियम म्हणजे नियम. तुम्ही फौजेतले, तुम्हाला मी काय सांगायचं?"

मेजर एअरपोर्टवर परीक्षकांना घ्यायला गेले होते. फोन करता आला असता. पहिल्या नंबरच्या बँडला विचारता आलं असतं. मी काहीच केलं नाही. गेल्या वर्षी आपल्या माणसांच्या प्रेमात पडून चुकले होते ना. या वर्षी कुणी बोट दाखवता कामा नये.

शेळक्यांनी टोपी घातली. "जी," म्हणाले, आणि गेले.

शुक्रवारी महादेव बॅग घेऊनच मैदानावर आला. गणवेशात, खांद्यावर चौकड्यांची शाल, फेट्याचा तुरा ताठ. बॅगेवर मार्करने गावाचं नाव. कोपऱ्यात ते सहाही जण सूर लावत बसले होते. मी दोनदा तिकडून गेले आणि दोन्ही वेळा घड्याळ बघितलं, जणू घड्याळ माझं ऐकणार होतं. एक वाजता बसने हॉर्न दिला. महादेवने शाल उतरवून घडी केली, फेटा उतरवला, पाइप शेळक्यांच्या हातात दिला. सगळं कंपनीचं होतं. मग साध्या शर्टात, डोक्यावर फेट्याचा वळ तसाच, माझ्यापाशी आला आणि वाकून नमस्कार केला. "येतो, मॅडम. आमटीला हिंग जास्त घालायचा, लक्षात ठेवा."

अडीच वाजता ते मार्च सुरू करायच्या लाइनीवर आले. लाइनीवरच्या माणसाने पाइपर मोजले आणि माझ्याकडे बघून हाताची पाच बोटं दाखवली. मी कागदांवर क्रमांकाच्या चौकोनात आडवी रेघ मारली. चार कागद, चार रेघा.

दोन ठोके पडले. पाचांनी एका श्वासात पिशव्या दाबल्या. पाच होते हे ऐकून कुणाला सांगता आलं नसतं. शेळक्यांचे डोळे मिटलेले होते. वर्तुळात महादेवची जागा त्यांनी भरून काढली नव्हती, एका माणसाएवढी फट तशीच ठेवली होती, आणि चौथा परीक्षक, गेल्या वर्षीचाच, दोन्ही बाजू भरणारा, फिरता फिरता त्या फटीपाशी थांबला तो हललाच नाही. शेवट आला. एकदम बंद. मैदानावर फक्त झेंड्यांची फडफड ऐकू येत होती.

तो परीक्षक माझ्या तंबूत आला. "इथे क्रमांकाच्या जागी रेघ का आहे?" मी नियम सांगितला. त्याने पुन्हा एकदा रेघेकडे बघितलं, कागद ठेवला आणि गेला.

पहिल्या नंबरवर वाजवणाऱ्या शाळेच्या बँडची बाई चहाच्या टेबलापाशी भेटली. तिला कुणाकडून तरी महादेवचं कळलं होतं. म्हणाली, "पण तुम्ही मला विचारलं का नाही? आम्ही आनंदाने बदललं असतं. आमची निम्मी मुलं सकाळी उशिरा आली, आम्हालाच बरं पडलं असतं." तिच्या हातातल्या कपातला चहा मला अजून आठवतो. काळा, लिंबाची चकती टाकलेला. तिच्या चेहऱ्याकडे मी बघितलंच नाही.

कप त्या वर्षी तिच्याच शाळेला गेला. बेरीज अगदी बरोबर होती, मी तीनदा तपासली.

पुढच्या वर्षी स्पर्धा झाली नाही. मीही माझ्या कुंड्या घेऊन घरी बसले. आता त्या सगळ्याची आठवण म्हणून माझ्याकडे एक स्टीलचा डबा आहे, त्यात नात क्रेयॉन ठेवते. ती परवा म्हणाली, "बट आजी, रूल्स आर रूल्स, ना?" मी म्हटलं, हो बाळा, मीही असंच म्हणाले होते.

त्या शेवटच्या स्पर्धेच्या दिवशी संध्याकाळी निघण्याआधी शेऱ्यांचे कागद घेऊन मी पार्किंगमध्ये शेळक्यांना शोधत गेले. बँडची बस उभी होती, निम्मी रिकामी. ढोल सीटवर बसवलेले. ते पायरीवर बसून महादेवचा पाइप पुसत होते. त्यांनी वही काढली नाही, नुसतं म्हणाले, "वाचा."

मी चौथा कागद वाचला. त्यावर एकच ओळ होती. "यात सुधारायला सांगावं असं मला काही सापडलं नाही."

त्यांनी तो कागद मागून घेतला, चार घड्या केल्या, शर्टाच्या खिशात ठेवला आणि वरून बटण लावलं. मी म्हटलं, हवालदारसाहेब, मी काल चुकले. त्यांनी पाइप पेटीत ठेवला, झाकण लावलं आणि ते बसमध्ये चढले. मग खिडकीची काच सरकवून माझ्याकडे बघत, अजिबात न रागावता म्हणाले,

"मॅडम, गेल्या साली नको तितं चुकलात. औंदा जरा चुकायचं हुतं की."